मिळालेले आणि मिळत आलेले : नागसेनवनाची पंचाहत्तर वर्षे

१९५० च्या आधी औरंगाबादच्या मुलाला पदवीधर व्हायचे असेल, तर हैदराबाद गाठावे लागे. इंटरमीजिएटपर्यंतची सोय गावात होती. पुढे उस्मानिया विद्यापीठ, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, शाळेत पावलोपावली उर्दू, वर रेल्वेचे भाडे, राहण्याचा खर्च आणि हैदराबादेत ओळखीचे कोणी असण्याची गरज. ज्यांचे मामा निजामाच्या कचेरीत होते, ज्यांच्या वडिलांची वकिली होती, ज्यांची देशमुखी शाबूत होती, त्यांची मुले गेली आणि शिकून आली. आपल्याला काही सवलत मिळाली, असे त्यांना वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते, कारण मामाच्या घरी राहण्याचा अर्ज कुठे करावा लागत नाही.

औरंगाबादच्या नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना सुरुवात इथून केली पाहिजे. एरवी संस्थेचा इतिहास कोनशिलेपासून सुरू होतो आणि इमारतींच्या यादीवर संपतो. या संस्थेच्या बाबतीत तेवढे पुरणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती का काढली, हे समजायचे तर ती नव्हती तेव्हा कोणाला काय मिळत होते, ते आधी मांडावे लागते.

निजामी मराठवाड्यात जागा राखून ठेवण्याची पद्धत नवी नव्हती. गावचा पाटील पाटलाच्या पोटी जन्मायचा आणि पटवारी पटवाऱ्याच्या. महाराच्या वाट्याला आलेली कामेही तशीच पिढीजात होती. फरक एवढाच, की एका वतनातून जमीन, लेखणी आणि मान मिळे, तर दुसऱ्यातून वेठ आणि मेलेली गुरे. संस्थानाच्या नोकऱ्यांतही मुलकी-गैरमुलकीचा नियम होता. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसापुढे आपला माणूस टिकणार नाही, म्हणून संस्थानाच्या रहिवाशाला प्राधान्य. नियम वाजवीच होता, पण त्याचा फायदा घ्यायला आधी शाळेची पायरी चढलेली असावी लागे. आरक्षण स्वतंत्र भारतात आले, असे म्हणणाऱ्याने एकदा जुन्या गावचे दप्तर उघडून पाहावे. पिढ्यान् पिढ्या शंभर टक्के जागा राखीव असल्याचे त्यात दिसेल, फक्त ‘राखीव’ हा शिक्का दिसणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणाला पदवी घेता यावी, हा त्यामागचा विचार. मुंबईला ते शोभणारे होते. मराठवाड्यात मात्र सकाळी शिकून दिवसा करायला नोकरीच नव्हती. संस्थान खालसा होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती आणि खेड्यातून येणाऱ्या मुलाजवळ अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसे काही नसे. त्यामुळे औरंगाबादला वेगळ्या घडणीची संस्था लागणार होती आणि तिच्या केंद्रस्थानी वर्गखोलीइतकेच वसतिगृह असणार होते. जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले ते स्वतःच्या इमारतीवाचून. हैदराबाद सरकारकडून कर्ज मिळवण्यापासून छावणी आणि बेगमपुऱ्याच्या मधल्या माळावर जागा घेण्यापर्यंत, या कामात बाबासाहेबांनी जातीने लक्ष घातले. पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे त्यांनीच दिली.

कोनशिला बसली १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. त्या वर्षातल्या आणखी तीन तारखा या तारखेजवळ ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ९ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचे जातनिहाय प्रवेशाचे धोरण रद्दबातल ठरवले. (अर्जदार बाईंनी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्जच केला नव्हता, ही गोष्ट सुनावणीत उघड झाली होती, खटला तरीही चालला.) या निकालावर उपाय म्हणून १८ जूनला पहिली घटनादुरुस्ती अमलात आली आणि कलम १५ मध्ये चौथे उपकलम जोडले गेले. मागास वर्गांच्या शिक्षणासाठी विशेष तरतूद करण्याची सरकारला मुभा मिळाली ती तिथून. संसदेत या दुरुस्तीची बाजू मांडणारे कायदामंत्री बाबासाहेब सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला औरंगाबादला कोनशिलेच्या समारंभात उभे होते आणि २७ सप्टेंबरला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. म्हणजे दिल्लीत कायद्याने वाट मोकळी करून देणारा माणूस औरंगाबादेत त्या वाटेवर प्रत्यक्ष घर बांधत होता, आणि नुसत्या कायद्यावर भिस्त ठेवता येत नाही, हे त्याच महिन्यात त्याच्या अनुभवाला येत होते.

समारंभात राष्ट्रपतींपुढे मांडलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी जे म्हटले, त्याचा आशय इथे द्यायलाच हवा. खालच्या थरातल्या लोकांचा प्रश्न अन्नवस्त्राचा आहे, असे समजणे ही मोठी चूक, असे त्यांनी सांगितले. या माणसांच्या मनात रुजवलेली हीनपणाची भावना काढून टाकणे आणि आपल्या जगण्याचे मोल त्यांना कळू देणे, हा खरा प्रश्न. आणि त्यावर उच्च शिक्षणाखेरीज औषध नाही. आजच्या वादात आरक्षण म्हणजे गरिबी हटवण्याची योजना, असे धरून चालणारे पुष्कळ भेटतात. या संस्थेच्या पायात तो समज मुळातच नव्हता.

प्रवेश सर्वांना खुला होता. मिलिंद हे कधीही एका जातीचे महाविद्यालय नव्हते. ब्राह्मण, मराठा, मुसलमान, सगळ्या घरांतली मुले इथे शिकली, आणि शिक्षक नेमतानाही जात पाहिली गेली नाही. संस्थेच्या सुरुवातीच्या काळाची घडी बसवणारे प्राचार्य म. भि. चिटणीस कायस्थ घराण्यातले होते. त्यांच्या पूर्वजांच्या हाती लेखणी कित्येक पिढ्यांपासून होती. ती लेखणी त्यांनी इथल्या मुलांसाठी वापरली. त्यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये इथल्या रंगमंचावर आले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांच्या बौद्ध धर्मांतराच्या सोहळ्यासाठी जमलेल्या जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण या नाटकापासून सुरुवात करतात, आणि ते लिहिणारा दलित नव्हता, ही गोष्ट अडचणीची मानून घाईघाईने पुढे जातात. मला ती अडचणीची वाटत नाही. वारशाने मिळालेल्या गोष्टीचे काय करावे, या प्रश्नाला चिटणीसांनी आपल्या परीने उत्तर दिले होते. तेही त्याचा गाजावाजा न करता.

वसतिगृहाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण संस्थेचा प्राण तिथे होता. बाबासाहेबांना त्याचे महत्त्व पुस्तकातून कळलेले नव्हते. सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांच्याजवळ शिष्यवृत्ती, पदवी आणि सरकारी हुद्दा, तिन्ही होते. नव्हती ती राहायला खोली. नाव लपवून पारशी धर्मशाळेत काढलेले दिवस आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथून हाकललेले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सरकार शिष्यवृत्ती देऊ शकते, घरमालकाचे मन बदलून देऊ शकत नाही, हा धडा त्या माणसाने पंचविशीत घेतला होता.

म्हणून नागसेनवनात आधी निवारा आला. खेड्यातल्या एका खोलीच्या घरातून आलेल्या मुलाला पहिल्यांदा स्वतःची कॉट मिळाली, वह्या ठेवायला फडताळ मिळाले, रात्री वाचायला विजेचा दिवा मिळाला आणि दोन वेळचे जेवण ठरल्या वेळी मिळाले. याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजारच्या खोलीत मागच्या वर्षी तीच परीक्षा पास झालेला मुलगा राहत होता. कोणता पेपर अवघड जातो, कोणत्या सरांचे टिपण चांगले, फॉर्मची शेवटची तारीख कोणती, सहीसाठी कोणाकडे जायचे, मुलाखतीला कोणता शर्ट घालायचा, हे तो सांगत असे. शिकलेल्या घरात या गोष्टी जेवताना कानावर पडतात. त्या शिकवाव्या लागतात, हेसुद्धा त्या घरांना माहीत नसते. वसतिगृहाने हे सारे उघड्यावर, खर्चाला मंजुरी घेऊन, हिशेब ठेवून पुरवले.

सबंध सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या वादाची मेख इथे आहे. ज्याला वसतिगृहातून मिळाले, त्याची नोंद आहे. नाव, गाव, जात, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीची रक्कम, मेसचे बिल, सगळे कागदावर. भारत सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू केली. तेव्हापासूनचा पैसा मोजता येतो. ज्याला वाड्यातून मिळाले, त्याची नोंद कुठेच नाही. थोरल्या भावाची जुनी पुस्तके, काकांनी तहसीलदाराला टाकलेला शब्द, आईला येणारी बाराखडी, गावातल्या मास्तराने ‘आपला मुलगा’ म्हणून घेतलेली जादा शिकवणी, हे कोणत्या रजिस्टरात चढवायचे? ज्याची नोंद असते तेच लोकांच्या डोळ्यांवर येते. मिळालेल्याचा हिशेब मागितला जातो; मिळत आलेल्याचा हिशेबच नसतो, म्हणून ते गुणवत्ता म्हणून खपते.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर या नोंदीच्या कारभाराने विद्यार्थ्यांना एक वेगळाच फटका दिला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचे स्थान धर्माशी बांधलेले होते. बौद्ध झालेला मुलगा त्याच गावचा, त्याच वस्तीतला, त्याच विहिरीवरून हाकलला जाणारा; पण कागदावर तो अनुसूचित जातीचा राहिला नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, तेव्हा कुठे जरा सावरले. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. मधल्या तीन दशकांत इथून शिकून बाहेर पडलेल्या पिढीला ‘सवलतीवर मोठे झालेले’ म्हणताना ही तारीख कोणी आठवत नाही.

साठीच्या दशकात प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि नागसेनवनात निग्रो साहित्याची (तेव्हाचा शब्द तोच होता) चर्चा सुरू झाली. आपण लिहितो ते कोणत्या परंपरेतले, तिला नाव काय द्यायचे, आपला वाचक कोण, या प्रश्नांनी तेव्हाचे तरुण भारावले होते. ‘अस्मिता’ हे नियतकालिक १९६७ च्या सुमारास याच वातावरणातून निघाले. लगेच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले आणि गंगाधर पानतावण्यांनी ते पुढे अर्धशतक चालवले. पानतावणे इथले शिक्षक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते गेले. मराठी साहित्याला या माळावरून काय मिळाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि या स्मरणिकेत तो अन्यत्र येईलच. मला अमेरिकेचा धागा दुसऱ्या कारणासाठी हवा आहे. २९ जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली. हार्वर्डमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप मिळते. त्याला त्या निकालाने हात लागला नाही. बापाच्या पदवीवर मुलाला मिळणारी जागा शाबूत, आजोबांच्या गुलामीची आठवण ठेवून दिलेली जागा रद्द. औरंगाबादच्या माणसाला हे ओळखीचे वाटले तर नवल नाही.

आता नामांतराचा काळ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेही नागसेनवनाच्या शेजारी, लेण्यांच्या डोंगराच्या कुशीत. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारले गेले. नागसेनवनातली मुले सुट्टीत घरी जायला घाबरू लागली, आणि कित्येकांना जायला घरच उरले नाही. प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामविस्ताराच्या तडजोडीने. राग नावाचा होता, असे म्हणतात. मला तो तेवढाच वाटत नाही. इथून शिकलेला मुलगा गावात शिक्षक म्हणून, तलाठी म्हणून, बँकेतला कारकून म्हणून परत येऊ लागला होता. पाटलाच्या मुलाला त्याच्यासमोर सहीसाठी उभे राहावे लागत होते. ‘सरकारचे जावई’ हा टोमणा त्या वर्षांत गावोगाव ऐकू येई. ज्याला हुंड्यात पाटीलकी मिळाली होती, तो दुसऱ्याला जावई म्हणत होता.

याच्या जोडीला याच मराठवाड्यात चाललेला दुसरा एक लढा ठेवला, तर चित्र पुरे होते. मराठवाडा हा मागास भाग आहे आणि त्याला विशेष वागणूक मिळाली पाहिजे, ही मागणी इथे सर्व जातींची आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या आणि उच्च शिक्षणातल्या जागा देण्याचे वचन आहे. १९७४ मध्ये विद्यार्थी विकासाच्या मागण्या घेऊन रस्त्यावर उतरले. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने कोणत्या विभागाचा किती अनुशेष साचला, याचा खातेनिहाय हिशेब मांडला. १९९४ मध्ये, म्हणजे नामविस्ताराच्याच वर्षी, राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे आली. वैद्यकीय प्रवेशात विभागातल्या विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा ठेवणारे ७०:३० चे सूत्र तर २०२० पर्यंत चालले. ते रद्द झाले, याचे स्वागतही मराठवाड्याने केले, कारण आपल्याकडे महाविद्यालये कमी आणि म्हणून आपल्या मुलांच्या वाट्याच्या जागाही कमी, हा हिशेब लोकांनी केव्हाच करून ठेवला होता.

अनुशेषाची मांडणी काय सांगते? आज सर्व विभागांना सारखा निधी दिला तर न्याय होत नाही, कारण ज्यांच्याकडे आधी कालवे गेले, साखर कारखाने गेले, रेल्वे गेली, ते सारख्या निधीतून आणखी पुढे जातात. मागचे साचलेले आधी भरून काढा, मग बरोबरीने धावू. पुणे-सांगलीच्या शेतकऱ्याने मेहनत केली नाही, असे यात कोणी म्हणत नाही. त्याच्या मेहनतीला मिळालेले पाणी त्याने स्वतः आणलेले नव्हते, एवढेच म्हणणे आहे. औरंगाबादच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हा युक्तिवाद ठणकावून ऐकायला मिळतो. तोच युक्तिवाद जिल्ह्याऐवजी माणसाला लावला, की टपरीवरचा आवाज बदलतो. अनुशेषासाठी हयात घालवलेल्या मान्यवरांपैकी काही जण नामांतराच्या विरोधात होते, हे या शहराला ठाऊक आहे. त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. विभागाचे मागासपण त्यांना सोसावे लागले होते, जातीचे नव्हते. एवढ्या एका गोष्टीने केवढा फरक पडतो, ते दिसते.

इथल्या एका विद्यार्थ्याने पुढे हा फरक मोजून दाखवला. सुखदेव थोरात मिलिंदमधून पदवीधर झाले, अर्थशास्त्रज्ञ झाले आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत त्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून खासगी कंपन्यांकडे ४,८०८ अर्ज पाठवले गेले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फक्त नावे वेगळी: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुसलमान. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावाची एक-तृतीयांश. औरंगाबादसारख्या शहरात हा दुसरा आकडा विसरून चालणार नाही. ज्या उमेदवाराला बोलावणे आले, त्याला आपल्या आडनावाने मदत केली, हे कधीच कळणार नाही. तो घरी जाऊन सांगेल, माझ्या बायोडाटावर काम झाले.

कायद्याच्या भाषेतही गुणवत्तेची जुनी व्याख्या आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्पर्धापरीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे. त्या गुणांमागे घराण्याचे पाठबळ, शाळा, शिकवणी, भाषा असे पुष्कळ काही असते. नागसेनवनातल्या मेसमध्ये हे वाक्य कोणालाही नवे वाटले नसते.

हिशेब मांडायचाच तर आपलाही मांडायला हवा. संस्थेच्या व्यवस्थापनावरून झालेले वाद न्यायालयापर्यंत गेले आणि त्याची झळ इमारतींपासून शिक्षकभरतीपर्यंत लागली. या संस्थेने घडवलेल्यांची तिसरी पिढी आज शहराच्या चांगल्या वसाहतींत राहते. त्यांच्या मुलांच्या घरी इंग्रजी आहे, पुस्तके आहेत, फोन लावायला ओळखीचे अधिकारीही आहेत. जातीचा डंख त्यांना चुकलेला नाही. पण मातंग वस्तीतून किंवा भटक्यांच्या पालातून पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या तुलनेत त्यांच्याकडेही मिळत आलेले काही आहे. अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याची राज्यांना मुभा देणारा निकाल १ ऑगस्ट २०२४ रोजी आला, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. फूट पाडण्याचा डाव म्हणून तो नाकारण्याआधी, आपल्या वसतिगृहांत गेल्या पंचाहत्तर वर्षांत मातंगांची मुले किती होती आणि मुली किती होत्या, हे आपणच मोजायला हवे होते.

दरम्यान नागसेनवनाबाहेरचे राजकारण उलटे-पालटे झाले आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाची सुरुवात याच शहरातून झाली. आरक्षणाला नाके मुरडणाऱ्या घरांतली मुले आरक्षण मागत रस्त्यावर आली. त्यांना हसणारे आपल्यात होते; ते चुकीचे होते. दोन एकर कोरडवाहू, बापाच्या डोक्यावर कर्ज आणि खासगी महाविद्यालयाची फी, ही दुखणी खोटी नाहीत. आता मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न आहे: नोंद सापडली का? निजामकाळच्या कागदपत्रांत ओबीसी आरक्षणासाठी पूर्वजांच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेले मिळावे म्हणून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने दप्तरे धुंडाळली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. कागद शोधण्यात गैर काही नाही. मात्र तीच दप्तरे उघडली आहेत, तर शेजारच्या पानावरची पाटीलकी, इनाम आणि जमिनीचे आकडेही वाचावेत.

सवलतींच्या सध्याच्या कागदांतही वाचण्यासारखे पुष्कळ आहे. १०३ व्या घटनादुरुस्तीने २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण मिळाले. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल, तर पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. एकाच देशात, एकाच वर्षी, गरीब ठरण्याची दोन मापे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. ती पैसे देते आणि त्या पैशांतून शहरात खोली शोधायची असते. आडनाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’ असे ऐकून आलेली मुले आजही नागसेनवनातच मित्राच्या खोलीवर जादा गादी टाकून राहतात. बडोद्याचा अनुभव शंभरी ओलांडून पुढे आला आहे.

या स्मरणिकेच्या पुढच्या खंडासाठी माजी विद्यार्थ्यांकडून मजकूर मागवताना म्हणूनच एक वेगळी विनंती करीत आहे, आणि ती सर्व जातींच्या, सर्व धर्मांच्या मिलिंदकरांना आहे. आपण पुढे काय झालात, कोणते पद मिळवले, हे लिहा. त्याचबरोबर घरात तुमच्या आधी कोण शिकले होते, पहिल्या वर्षाची फी कुठून आली, शहरात पहिल्या रात्री कुठे झोपलात, फॉर्म कोणी भरून दिला, पहिल्या नोकरीसाठी कोणी शब्द टाकला आणि जमीन किती होती, तेही लिहा. शिष्यवृत्तीधारकांची माहिती संस्थेच्या कागदांत मिळेल, तिची फार चिंता नाही. ज्यांना शिष्यवृत्तीची गरज पडली नाही, त्यांनी आधी लिहावे.